विश्लेषण : सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनमध्येच का राहिले? नात्यांनी घडवलेल्या एका डॉक्टरकीची गोष्ट

मोहोळ तालुक्यातून गंभीर रुग्णाला हलवायचे म्हटले की गाडी सोलापूरच्या ‘सिव्हिल’कडे धावते. अंतर जेमतेम ३५ किलोमीटर. मात्र याच सोलापुरात जन्मलेल्या एका तरुण डॉक्टरने १९३८ मध्ये हजारो किलोमीटर दूरची, ओळखदेख नसलेली रणभूमी निवडली. मुंबईत मिळवलेली वैद्यकीय पदवी, पुढच्या शिक्षणाची तयारी आणि घरची जबाबदारी असे सगळे असताना डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस चीनला गेले आणि वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्याबरोबर गेलेले चारही डॉक्टर मायदेशी परतले. कोटणीस का परतले नाहीत? या प्रश्नाचे उत्तर शोधताना राजकारणाइतकीच माणसामाणसांतली नाती समोर येतात. वडील, सहकारी, कधी न भेटलेला एक शल्यविशारद, पत्नी आणि मुलगा. डॉक्टर व्हायचे हे एकदा ठरते. पण कसला डॉक्टर व्हायचे हे पुन्हा पुन्हा ठरवावे लागते, हे त्यांच्या छोट्या आयुष्यातून दिसते.

डॉ. कोटणीस कोण होते?

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे वेंगुर्ल्याचे. दोन भाऊ आणि पाच बहिणी असे मोठे मध्यमवर्गीय कुटुंब. सोलापूर तेव्हा कापड गिरण्यांचे गाव होते. पहाटेचा भोंगा, पाळीवर निघालेले कामगार आणि कानडी, तेलुगू, उर्दू, मराठी अशा चार भाषांत चालणारा बाजार हे त्या शहराचे रोजचे चित्र.

त्यांच्या ऐन तारुण्यात सोलापूर देशभर गाजले. मे १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या लाटेत शहरातील इंग्रजांचा अंमल काही दिवस जवळपास संपला आणि सरकारने लष्करी कायदा पुकारला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी देण्यात आली. त्या वेळी द्वारकानाथ विशीत पोहोचले होते.

सोलापुरात तेव्हा वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते सुरू झाले १९६३ मध्ये. त्यामुळे या भागातील ज्याला वैद्यकशास्त्राची पदवी घ्यायची असेल त्याला मुंबई गाठावी लागे. सोलापूरहून निघालेली गाडी मोहोळ, कुर्डुवाडी, दौंड करत पुण्याकडे आणि तिथून मुंबईला जाई. १८६० मध्ये या पट्ट्यात आलेल्या रेल्वेने सोलापूर जिल्ह्यातील मुलांसाठी मुंबईचे शिक्षण आवाक्यात आणले होते. कोटणीस यांनी परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास, म्हणजेच ‘जी. एस.’ वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. हे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले होते. गिरणगावाच्या मध्यावर असलेल्या या रुग्णालयात कामगारांची गर्दी असे. सोलापूरच्या गिरण्यांच्या सावलीत वाढलेल्या मुलाला ती गर्दी परकी वाटण्याचे कारण नव्हते.

चीनला जाण्याचा विषय कुठून आला?

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. शहरे पडत होती, जखमींची संख्या वाढत होती आणि चीनकडे प्रशिक्षित डॉक्टर फार थोडे होते. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरू यांच्याकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी १९३८ च्या मध्यावर देशाला जाहीर आवाहन केले. सुमारे २२ हजार रुपयांचा निधी आणि एक रुग्णवाहिका जमली. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या लढणाऱ्या देशाला डॉक्टर पाठवायचे, ही कल्पनाच त्या काळात नवी होती.

पथकात पाच जण होते. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल हे प्रमुख. त्यांनी त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार केले होते. नागपूरचे डॉ. चोळकर हे वयाने ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी. आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. म्हणजे पाचांपैकी दोघे आजच्या महाराष्ट्रातील होते.

घरच्यांनी जाऊ कसे दिले?

कोटणीस त्या वेळी पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करत होते. जग पाहावे, वेगवेगळ्या देशांत जाऊन वैद्यकी करावी अशी त्यांची इच्छा होती, असे त्यांच्या बहिणीने पुढे सांगितले आहे. पथकासाठी नाव देण्यापूर्वी त्यांनी घरी विचारले. घरच्यांना चीनची माहिती जवळजवळ नव्हती. चिनी रेशीम विकायला येणारे फेरीवाले, इतकीच त्या देशाची ओळख. अशा देशात, तेही युद्धात, शिकलेल्या मुलाला पाठवायचे होते.

त्या काळातल्या मध्यमवर्गीय घरात मुलाला डॉक्टर करणे म्हणजे काय, हे आजच्या पालकांना वेगळे सांगायला नको. शिक्षणाचा खर्च अनेक वर्षे घरच सोसते आणि त्या बदल्यात मुलगा गावात पाटी लावेल, धाकट्या भावंडांचे मार्गी लावेल ही अपेक्षा असते. कोटणीस कुटुंबाने ती अपेक्षा बाजूला ठेवून संमती दिली. वैद्यकीय व्यवसायाच्या प्रेरणेबद्दल बोलताना घरच्यांनी दिलेल्या प्रोत्साहनाचा उल्लेख नेहमी होतो. घरच्यांनी सोडलेल्या हक्काचा मात्र सहसा होत नाही. कोटणीसांच्या बाबतीत हा सोडलेला हक्कच निर्णायक ठरला.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या बोटीने पथक मुंबईहून निघाले. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते.

वडिलांच्या निधनाची बातमी आल्यावर काय झाले?

हाँगकाँग आणि कँटनमार्गे पथक चीनमध्ये पोहोचले. वूहान पडण्याच्या बेतात होते, म्हणून पुढे चुंगकिंग या युद्धकालीन राजधानीत त्यांना जावे लागले. तिथे शांतिनिकेतनशी जोडलेले चिनी विद्वान तान युन-शान यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली. प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ हा शब्द होता. त्याचा अर्थ चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. चीनमध्ये आजही ते याच नावाने ओळखले जातात.

येनानकडे निघण्यापूर्वी सोलापूरहून बातमी आली. वडील गेले होते. सहकाऱ्यांनी त्यांना घरी परतण्याचा सल्ला दिला. परतले असते तर कोणी बोल लावला नसता. घरात धाकटी भावंडे होती, मुलगा शिकलेला डॉक्टर होता आणि युद्ध काही आपल्या देशाचे नव्हते. कोटणीसांनी दुःख गिळले आणि पथकाबरोबर पुढे जायचे ठरवले. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी ते येनानला पोहोचले. माओ त्से-तुंग यांचा तळ तिथे होता.

हा निर्णय बरोबर होता का, यावर आजही दोन मते होऊ शकतात. पुस्तकात आणि भाषणात त्याला त्याग म्हणणे सोपे असते. सोलापुरातल्या घराला मात्र एकाच वेळी दोन माणसांची उणीव सोसावी लागली. कोटणीसांचे मोठेपण सांगताना हा हिशेब लपवण्याचे कारण नाही.

कधी न भेटलेल्या डॉक्टरचा प्रभाव कसा पडला?

येनानमधील रुग्णालये डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये होती. औषधे तुटपुंजी, साधने जुनी, थंडी कडाक्याची. चोळकर आणि मुखर्जी लवकर परतले. अटलही १९४० मध्ये परतले. उरले कोटणीस आणि बसू. दोघांनी आघाडीवर जाण्याचा आग्रह धरला आणि १९४० मध्ये ते शान्सी, चाहार आणि हबेई या प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ लढाऊ प्रदेशात दाखल झाले.

तिथे प्रत्येकाच्या तोंडी एकाच परदेशी डॉक्टरचे नाव होते. नॉर्मन बेथ्यून. कॅनडाचे हे शल्यविशारद स्पेनच्या युद्धात रणभूमीवर रक्त पोहोचवण्याच्या फिरत्या सेवेसाठी प्रसिद्ध झाले होते. १९३८ पासून ते चीनमध्ये आघाडीलगत शस्त्रक्रिया करत होते. डॉक्टरने जखमीची वाट पाहत बसू नये, जखमीपर्यंत जावे, ही त्यांची कामाची रीत. एका शस्त्रक्रियेत त्यांच्या बोटाला जखम झाली, तिच्यातून रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. कोटणीस तिथे पोहोचले तेव्हा बेथ्यून नव्हते. त्यांची समाधी होती, त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे होती आणि त्यांनी घालून दिलेली शिस्त होती.

ऑगस्ट १९४० पासून जपानी सैन्याविरुद्ध ‘शंभर पलटणींची मोहीम’ सुरू झाली. त्या काळात अवघ्या १३ दिवसांत कोटणीसांच्या पथकाने ८०० च्या आसपास जखमींवर उपचार केले आणि त्यात ५५८ शस्त्रक्रिया झाल्या, असे त्यांच्या चरित्रांत नोंदवलेले आहे. सरासरी काढली तर दिवसाला चाळीसहून अधिक शस्त्रक्रिया होतात. विजेचा दिवा नाही, पुरेशी भूल नाही, टेबल म्हणजे दाराची फळी, अशा रणभूमीवरचे हे काम होते. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद कोटणीसांकडे आले. ज्या माणसाला कधी पाहिले नाही, त्याच्या खुर्चीची जबाबदारी तिशीतल्या मराठी डॉक्टरवर आली.

बेथ्यून यांनी कामाची रीत दिली. कोटणीसांनी त्यात भाषेची भर घातली. ते चिनी बोलायला, वाचायला आणि पुढे त्याच भाषेत शिकवायला शिकले. दुभाष्याशिवाय बोलणारा परदेशी डॉक्टर ही तिथल्या जखमी शेतकरी-सैनिकांसाठी अपूर्वाईची गोष्ट होती. शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तकाचे लेखनही त्यांनी हाती घेतले होते.

को छिंगलान यांची भेट कशी झाली?

जून १९४० मध्ये बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात कोटणीसांची को छिंगलान यांच्याशी भेट झाली. शान्सी प्रांतातल्या छिंगलान प्रशिक्षित परिचारिका होत्या आणि बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवत होत्या. एकाच रुग्णालयात काम, एकच शाळा, एकच धावपळ. त्यातून ओळख वाढली. १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केले.

हे लग्न दोन वैद्यकीय कामांचेही होते. शल्यविशारदाने शस्त्रक्रिया करायची आणि त्यानंतर रुग्ण जगतो की नाही, हे परिचारिकेच्या हाती असायचे. रणभूमीवर तर हे अधिकच खरे. जखम धुणे, पट्टी बदलणे, ताप मोजणे, जंतुसंसर्ग रोखणे यासाठी शिकलेले हात लागतात आणि ते हात तयार करण्याचे काम छिंगलान करत होत्या. कोटणीस वर्गात शस्त्रक्रिया शिकवत, छिंगलान शुश्रूषा.

याच काळात डॉ. बसू येनानला परतले होते. पुढे १९४३ मध्ये ते भारतात आले. कोटणीस आघाडीवरच राहिले. १९४२ मध्ये त्यांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व घेतले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. नाव ठेवले ‘यिनहुआ’. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

मृत्यू कशाने झाला?

कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. अपुरे अन्न, सततची जागरणे आणि जपानी वेढ्यातून रुग्णालय हलवत राहण्याची दगदग यांत विश्रांती अशक्य होती. उपचारासाठी दुसरीकडे जाण्यास ते राजी नव्हते. ९ डिसेंबर १९४२ रोजी हबेई प्रांतातील थांग परगण्यातल्या गकुंग गावी एकामागून एक आलेल्या झटक्यांत त्यांचा मृत्यू झाला. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. मुंबईचा किनारा सोडून चार वर्षे तीन महिने झाले होते.

माओ यांनी शोकसंदेश लिहिला. पुढे कोटणीसांचे अवशेष शिचियाझ्वांग शहरातील हुतात्मा स्मारकात हलवण्यात आले. तिथे त्यांचा पुतळा आहे आणि पितृस्मरणाच्या छिंगमिंग सणाला लोक फुले घेऊन येतात. भारतात त्यांची कहाणी घरोघरी पोहोचवली ती १९४६ मध्ये आलेल्या व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटाने. कोटणीसांची भूमिका शांताराम यांनी केली होती आणि छिंगलान यांची जयश्री यांनी.

मुलाने कोणता मार्ग निवडला?

कहाणीचा हा भाग चित्रपटात नाही. यिनहुआला वडील आठवणे शक्यच नव्हते. त्याच्यापर्यंत वडील पोहोचले ते आईच्या बोलण्यातून, छायाचित्रांतून आणि रुग्णालयातल्या जुन्या माणसांच्या आठवणींतून. जसे त्याच्या वडिलांपर्यंत बेथ्यून पोहोचले होते, तसेच. यिनहुआनेही वैद्यकशास्त्राचाच मार्ग धरला. शिआन शहरात तो डॉक्टरकीचे शिक्षण घेत होता. पदवी हाती येण्याआधीच, १९६७ मध्ये, त्याचा मृत्यू झाला. पंचविशीही पूर्ण झाली नव्हती.

छिंगलान यांनी पती गमावला तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या आणि मुलगा गमावला तेव्हा पन्नाशीच्या. त्या दालियन येथे राहिल्या. भारतात येऊन त्यांनी सासरच्या मंडळींना भेटण्याचा धागा तुटू दिला नाही. जून २०१२ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सोलापूरची सून म्हणून त्यांचे नाव या जिल्ह्यात अजून आदराने घेतले जाते.

नात्यातून डॉक्टर होण्याची महाराष्ट्रातील इतर उदाहरणे कोणती?

मराठी समाजात हा धागा कोटणीसांच्या आधीपासून दिसतो. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल १८७८ मध्ये अवघ्या दहा दिवसांचे असताना गेले. वेळेवर उपचार मिळाले असते तर ते वाचले असते, ही टोचणी त्यांना अमेरिकेतील फिलाडेल्फियापर्यंत घेऊन गेली आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये, रुग्णसेवा सुरू करण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

मुंबईच्या रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे नामवंत डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक होते. बालपणी झालेले लग्न नाकारून न्यायालयात उभ्या राहिलेल्या रखमाबाईंना ज्या घराने आधार दिला, तिथेच त्यांनी वैद्यकी जवळून पाहिली होती. लंडनमध्ये शिकून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे अनेक दशके त्यांनी स्त्रियांची सेवा केली.

या तिन्ही उदाहरणांत नाते वेगवेगळे काम करते. आनंदीबाईंसाठी ते गमावलेल्या मुलाचे दुःख होते, रखमाबाईंसाठी घरातला आदर्श. कोटणीसांच्या बाबतीत नाती एकामागून एक जोडली गेली आणि प्रत्येक नात्याने परतीची वाट थोडी लांबवली.

आज याचा अर्थ काय?

सोलापूरच्या भैय्या चौकातील कोटणीसांच्या घराचे महापालिकेने स्मारक केले आहे. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. शिचियाझ्वांगमध्ये त्यांच्या चिनी नावावरून ओळखली जाणारी वैद्यकीय शाळा आहे आणि तेथील विद्यार्थी सेवेत रुजू होण्यापूर्वी त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात. भारत आणि चीनचे संबंध १९६२ च्या युद्धात बिघडले, नंतरही अनेकदा ताणले गेले. तरी चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेण्याची प्रथा पडली. कोटणीसांचे सहकारी डॉ. बसू यांनीही चीनशी नाते जपले. तिथून ॲक्युपंक्चर शिकून येऊन त्यांनी ही उपचारपद्धती भारतात रुजवली.

मोहोळ असो वा माढा, आज बारावीनंतर ‘नीट’ची तयारी करणाऱ्या मुलांना डॉक्टर का व्हायचे हा प्रश्न हमखास विचारला जातो. बहुतेकांच्या उत्तरात एखादे माणूस असते. आजारी आजी, गावातले डॉक्टर, रात्रपाळी करणारी परिचारिका आई. गुणपत्रिकेत या कारणाला जागा नसते. पण प्रवेश मिळाल्यानंतर शहरात राहायचे की तालुक्याला परतायचे, कोणत्या रुग्णांसाठी काम करायचे, हे प्रश्न येतात तेव्हा गुणांपेक्षा हीच माणसे आठवतात. कोटणीसांना सोलापुरात दवाखाना टाकून चांगले आयुष्य जगता आले असते आणि त्यात कमीपणा काहीच नव्हता. त्यांनी दुसरे निवडले. त्या निवडीची किंमत त्यांच्याइतकीच त्यांच्या माणसांनीही मोजली. म्हणून कोटणीसांच्या नावाबरोबर सोलापुरातले ते घर आणि को छिंगलान यांची आठवण ठेवणे हे त्यांच्या चरित्राचे अर्धे वाचन पूर्ण करण्यासारखे आहे.